शून्याचं छप्पर

“अहो, आपलं अख्खं शहर वर चाललंय! आंबवलेलं पीठ फुगावं तसं!” शेजारच्या टेबलावरच्या बाई त्याच्या संगणकाच्या पडद्यात डोकावून हसल्या.

मोजणीदाराला हसू आलं नाही. दर बारा दिवसांनी उपग्रह वरून जाई. रडारच्या लहरी छपराछपराला शिवून परत येत, आणि कुठलं छप्पर किती मिलिमीटर खचलं ते हा काढी. पण कशाच्या मानाने खचलं? त्यासाठी एक न हलणारी जागा धरावी लागे. ऑफिसात तिला ‘शून्य’ म्हणत. नऊ वर्षांपूर्वी त्याने शून्य धरलं ते थोरल्या बहिणीच्या घराचं छप्पर. खाली कातळ आहे, असं जुना नकाशा सांगत होता. नसता सांगत, तरी त्याने तेच धरलं असतं. आईमागे त्याला वाढवलं ते त्याच घराने.

गेली दोन वर्षं शहर वर्षाला चौदा मिलिमीटर वर येत होतं. यंत्राची चूक म्हणून तो सगळ्या आकड्यांतून तेवढे वजा करत आला होता.

“शहर वर नाही जात, बाई,” तो सावकाश म्हणाला. “शून्य खाली चाललंय.”

त्याने शून्य दुसरीकडे धरलं. शहर जागेवर आलं आणि पडद्यावर एकच छप्पर खचल्याच्या खुणेने लाल झालं. अहवाल साहेबांकडे धाडून तो उठला आणि थेट बहिणीच्या घरी गेला.

ताई दाराशी झटत होती. “आलास? लाव खांदा. सुताराने दोनदा रंधा मारला, तरी मेलं अडतंय. मागच्या इमारतवाल्यांनी दोन वर्षांमागे जमिनीतलं पाणी उपसायला घेतल्यापासून ह्या घराच्या अंगात आळस भरलाय नुसता.”

“ताई, घर खचतंय.”

“कोण म्हणतं?”

“मी.”

“वा रे! अख्ख्या शहरात हेच एक हलत नाही, असं तूच म्हणायचास ना? गल्लीभर सांगत फिरले मी.”

“हलत नाही असं धरलं होतं गं. बाकी सगळ्यांची घरं मोजली. तुझं तेवढं मोजलंच नाही.”

ताईने दारावरचा हात काढला. पदराने कपाळ पुसलं.

“सोडावं लागेल?”

“उद्या नोटीस येईल. तू आजच चल माझ्याकडे.”

“खचलंय तरी किती?”

“अठ्ठावीस मिलिमीटर.”

“मला कळेल असं सांग की, मेल्या.” तिने बोटांची चिमटी उघडून धरली. “एवढं?”

त्याने तिचं बोट धरून चिमटी जराशी रुंद केली.

ताई त्या फटीकडे बघत राहिली. त्याने बोट सोडलं नाही.