बाहेरून लावलेली कडी

रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या गुंडूच्या घरात मोहरी तडतडली, ती बऱ्याच महिन्यांनी तानाबाईच्या हातनं. शिरोलीच्या फौंड्रीत तापल्या लोखंडापुढं न हलणारा हा गडी, बायकोला गॅसपुढं उभी बघून पार विरघळला. दिवाळीपासून बाई अंथरुणाला खिळलेली. न्हाणं नको, खाणं नको, जगणंच नको म्हणायची. अंगारे-धुपारे करून झाले, शेवटी लेकीनं, प्रियदर्शनीनं, हट्टानं मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्यांनी आता कुठं गुण येत होता. आज लेकीला बघायला पाहुणे यायचे, म्हणून ती आपणहून उठली, ठेवणीतली साडी नेसली आणि पोहे केले.

आणि गुंडूनं काय करावं? पाहुण्यांची गाडी बोळात शिरली आणि त्याला भावकीची तोंडं आठवली. वेडीची पोरगी म्हणून स्थळ हातचं जाईल, या भ्यानं त्यानं बायकोला आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. पाहुण्यांना सांगितलं, मंडळी कुरुंदवाडला माहेरी गेलीय.

मुलाचे वडील उदयसिंह पोह्यांवर खूश झाले. पोरीच्या हाताला चव आहे म्हणाले. गुंडूनं खुशाल मान डोलावली.

"पोहे आईनं केल्यात," प्रियदर्शनी म्हणाली. "ती कुरुंदवाडला न्हाय, आत हाय. मनाचा आजार हाय तिला, औषध चालू हाय. बाबांनी कडी लावल्या."

धरणीनं पोटात घ्यावं, असं गुंडूला झालं. उदयसिंहांनी बशी खाली ठेवली, कळवतो म्हणाले आणि उठले. या 'कळवतो'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

गुंडूनं कडी काढली. तानाबाई कॉटच्या कडेला बसलेली, पदर नीट, कुंकू ताजं. बाहेर बोलावतील म्हणून तयार बसली होती बिचारी. सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"माझ्यापायी पोरीचं मोडलं, न्हवं?"

गुंडूची नजर वर होईना. आजारी ती होती, पण लाजण्याजोगं वागला होता तो.

"तुझ्यापायी न्हाय," तो म्हणाला. "माझ्यापायी."

संध्याकाळी त्यानं पक्कड घेऊन ती कडी उपटून काढली. लाकडाला भोकं राहिली. बुजवायची का, असं लेकीनं विचारलं, तर नको म्हणाला, मला दिसू देत.

पाहुणे यायचे म्हटलं की आपल्या घरात कोणाला आत बसवतात, ते ज्याचं त्यानं आठवावं.