आरशाकडे पाठ

अभिनयात कसं शिरायचं हे ज्याला विचारायचं असेल त्याने आमच्या सलूनमध्ये येऊन बसावं. तिथे प्रत्येकाला ते ठाऊक असतं. विमा एजंट म्हणतो, आधी चांगल्या स्टुडिओत फोटो काढून घे. बेकरीवाला म्हणतो, ओळख लागते, ओळखीशिवाय तिथे कुत्रं विचारत नाही. एक निवृत्त मास्तर आहेत, डोक्यावर मूठभर केस, पण दर आठवड्याला कापायला येतात. त्यांच्या मते पहाटे उठून आवाज कमवावा. यांच्यापैकी एकानेही उभ्या जन्मात रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही. पण फुकटचा सल्ला द्यायला कोणाचं काय जातं?

मी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि कात्री चालवायची. आमच्या दोन खुर्च्या, एक बाबांची आणि एक माझी. दोन्ही गर्रकन फिरणाऱ्या, माझी लाल. बारावी झाल्यावर बाबांनी ती आणली आणि माझ्या भविष्याची चिंता सोडून दिली. मी नव्हती सोडली. मला नाटकात काम करायचं होतं, आणि तेही एखाद-दोनदा हौस म्हणून नाही. हे सांगितलं तेव्हा बाबा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस." विषय संपला. निदान त्यांच्यापुरता.

आमच्याकडे सगळं बोलणं आरशातूनच व्हायचं. धंद्याचा पहिला धडा बाबांनी मला तोच दिला होता: काम करताना नजर मानेवर, बोलताना आरशात. गिऱ्हाईक पुढे तोंड करून बसणार, आपण मागे उभे. त्याचा चेहरा बघायचा तर आरशातच. हळूहळू सवय इतकी मुरली की दुकान रिकामं असतानाही आम्ही बापलेक एकमेकांशी आरशातूनच बोलायचो. माझा झाडू एका टोकाला, ते गल्ल्यापाशी, आणि भांडण चाललेलं काचेत.

अभिनयाचा सरावही मी त्याच आरशासमोर केला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी आणि माझं प्रतिबिंब. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू!

मग एका नाट्यसंस्थेने नव्या नाटकासाठी मुलगी हवी असल्याचा कागद वाचनालयाच्या दारावर लावला. निवड शाळेच्या हॉलमध्ये होती. दिग्दर्शिकेला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज करवतीसारखा. प्रवेश असा होता की मुलगी वडिलांना सांगते, मी घर सोडून शिकायला चालले आहे. वडील झाले होते संस्थेतले एक जुने नट, त्यांना सगळे काका म्हणत. काका खुर्चीत बसले. मी अख्खा प्रवेश एका दमात, एकही शब्द न चुकता म्हटला.

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं.

"बाळ, तू बोलत कोणाशी होतीस?" बाईंनी विचारलं.

"वडिलांशी."

"वडील खुर्चीत आहेत. तू त्यांच्या मागे उभी राहून समोरच्या भिंतीशी बोललीस."

"आणि मधेच माझं डोकं धरून सरळ का केलंस गं?" काका मान चोळत म्हणाले.

आता सगळा हॉल हसला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. "आवाज आहे, पाठांतर चोख आहे. पण तू समोरच्याला बघत नाहीस, त्याचं ऐकत नाहीस. स्वतःलाच बघतेस. रविवारी पुन्हा ये. तेव्हाही असंच झालं तर दुसऱ्या मुलीला घेणार."

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. काकांनी खुर्ची चुकीची ठेवली, बाई खडूस आहेत, लोक दात काढायलाच येतात, एक ना दोन. मग नाचता येईना अंगण वाकडं हे माझं मलाच आठवलं आणि मी गप्प झाले. मला ते काम हवं होतं. चूक कळली होती. ती सुधारायची एवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या लाल खुर्चीत बसले आणि मी खुर्ची फिरवली. त्यांची पाठ आरशाकडे.

"अगं, मला माझे केस दिसत नाहीत!"

"जे आहेत ते मी सांभाळते, मास्तर. तुम्ही बोला."

कात्री मागून चालायची, पण बोलताना मी मुद्दाम पुढे येऊन उभी राहायची. सोपं नव्हतं. सरळ कोणाच्या डोळ्यांत बघायचं म्हणजे आपले हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. पण मास्तर बोलता बोलता बायकोच्या आजारपणापाशी आले, तेव्हा त्यांचा अंगठा कापडाखाली हलत राहिला, आणि ती गेली त्याच्या अलीकडेच ते थांबले. हा माणूस दर आठवड्याला केसांसाठी येत नव्हता. घरी बोलायला कोणी नव्हतं. इतकी वर्षं आरशात मी त्यांना बघत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"हे काय खूळ काढलंस?" बाबा आरशातून करवादले. "गिऱ्हाईक आरशासाठी येतं."

"रविवारपर्यंत चालवून घ्या," मी म्हटलं आणि पुढच्याची खुर्ची फिरवली.

शनिवारी दुपारी दुकान रिकामं होतं. मी लाल खुर्ची आरशाकडे पाठ करून फिरवली आणि बाबांना म्हटलं, "बसा जरा. वडिलांची वाक्यं वाचा." कुरकुरत का होईना, बसले. नाटकाचे कागद मांडीवर, नजर स्वतःच्या चपलांवर.

"वर बघा ना, बाबा."

त्यांनी वर बघितलं. त्यांच्या भुवईवर लहानपणच्या जखमेची खूण आहे. कोणी विचारलं असतं तर मी उजवीकडे सांगितली असती. ती डावीकडे होती.

"बाबा, मी जाणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार आहे. पण हो म्हणालात तर मला बरं वाटेल."

त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. "हे नाटकातलं आहे?"

"हो."

"सगळं?"

"नाही," मी म्हटलं.

मग पायाने जोर देऊन त्यांनी खुर्ची पुन्हा आरशाकडे वळवली आणि काचेत बघत म्हणाले, "उद्या रविवार आहे. गर्दी असते."

रविवारी खरंच गर्दी होती. तिघे बाकावर वाट बघत होते. मी एप्रन खुंटीला टांगला. बाबांनी मान वर केली नाही. मी निघाले.

हॉलमध्ये काका खुर्चीत बसले. मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर उभी राहिले. या वेळी त्यांनी मधे एक वाक्य म्हणायला वेळ लावला. पूर्वीची मी असते तर घाईने पुढचं म्हणून मोकळी झाले असते. मी थांबले. त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. ते बोलले, आणि मगच मी बोलले.

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "काम तुझं. रोज संध्याकाळी तालीम. एकदा जरी न सांगता बुडवलीस तर काढून टाकीन. हॉल झाडायची पाळी सगळ्यांना असते, तुलाही."

"झाडायला येतं मला," मी म्हटलं. केसांपुढे धूळ म्हणजे काहीच नाही.

परत येताना पाय जमिनीवर नव्हते, पण दुकान दिसलं तशी पावलं जड झाली. बाबांना काय सांगायचं आणि कसं? मी दाराशीच थांबले. आत बाबांच्या खुर्चीत विमा एजंट होता, केस अर्धेच कापलेले.

"लेक कुठे गेली आज, ऐन रविवारी?" तो आरशातून विचारत होता.

बाबांची कात्री थांबली. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि एजंटाला सरळ स्वतःकडे फिरवलं.

"नाटकात काम करायला गेली आहे," ते त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले.

"घेतलं का तिला?"

"घेतील. नाही घेतलं तर पुन्हा जाईल."

अर्ध्या केसांचा एजंट गांगरून त्यांच्याकडे बघत राहिला. मी आत गेले, बाबांच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "घेतलं, बाबा."