कमरेपर्यंतचा आरसा

मी मुद्गल बोलतोय. बाभळीचा आहे, त्यामुळे गोड बोलता येत नाही. ऐकायचं तर ऐका.

सध्या माझा मुक्काम जळगावात, एका जिममध्ये आहे. भिंतीला फळी, फळीवर मी, कमरेला लोखंडी पट्टी आणि पट्टीला दोन स्क्रू. अंगाला चंदेरी रंग फासलाय. शेजारी पाटी आहे : 'हात लावू नये.' ज्याचा जन्मच हात लावून घ्यायला झाला, त्याच्या उशाशी ही पाटी. असो. सुरुवातीपासून सांगतो.

भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठी आमचं गाव. कौतिक नानांच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. तिच्या गाभ्यातून झिपरू सुताराने मला काढलं. वजन पंधरा शेर. बूड जाड, मान बारीक, मूठ तळहाताला बसेल अशी. शेवटचा रंधा मारून झिपरूने मला नानांपुढे उभा केला आणि म्हणाला, "नाना, हाऊ तुमले म्हातारा करी."

"देखू, कोण कोणाले करस," नाना म्हणाले. तेव्हा ते पंचविशीत होते.

त्या दिवसापासून नेम सुरू झाला. दिवस उगवायच्या आत, गोठ्यामागे. आधी मला खांद्यावर घेऊन शंभर बैठका, मग पन्नास हात फिरवणं. बघणाऱ्याला वाटतं, मुद्गल हातांनी फिरतो. खोटं आहे. मुद्गल पायांवर फिरतो. ज्याची टाच हलली त्याचं डोकं मी फोडतो. दोघांची फोडलीही आहेत, नावं सांगत नाही.

गोठ्यामागे बघायला फक्त एक म्हैस होती. म्हैस टाळ्या वाजवत नाही. व्यायामाला यापेक्षा चांगली जागा नाही.

नाना साधू होते असं मात्र समजू नका. गर्व भरपूर. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी मला ओसरीवर आणायचे. "उचला बरं," म्हणायचे. पाहुण्याची कंबर लचकली की मग आतून चहा यायचा. दोन सोयरिकी त्यापायी फिसकटल्या. नानांना त्याचं दुःख झाल्याचं मला आठवत नाही.

या सगळ्या कष्टाला एक दिवस होता. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आमच्याकडे त्या दिवशी बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, बैल सोडायचे, गाड्यांत माणसं खच्चून बसवायची आणि दोर एका माणसाच्या कमरेला. एकदा चाकं फिरली की मागून सगळं गाव ढकलतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. पण पहिला हिसका एकट्याचा. तीन हिसक्यांत गाड्या हलल्या तर मान त्याचा, आणि तो दोर वर्षभर त्याच्या घरच्या खुंटीवर.

आमच्या खुंटीवर तो दोर एकोणीस वर्षं होता. नाना जेवायला बसताना त्याच्याकडे तोंड करून बसत.

मग एका सकाळी जू उतरवताना बैल बिथरला आणि नानांचा उजवा गुडघा गेला. बैठका बंद झाल्या. मीही बेकार झालो. नानांच्या बायकोने, भिकुबाईने, मला मिरच्या कांडायला घेतलं. मिरच्या संपल्या की गोठ्याच्या दाराला टेकण. कामाला लाजणारं लाकूड आमच्या बांधावर उगवत नाही.

दोराचं काय, हा प्रश्न होता. पण नानांना मुलगा होता. चुडामण.

चुडामण जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला होता, तिथेच खोली घेऊन राहायचा. महिना-दोन महिन्यांनी गावी येई. नव्वद साली दिवाळीला आला तो लाल बनियनवर. दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालत होता, काखेत पपया धरल्यासारखे.

भिकुबाईचा जीव घाबरा झाला. "भाऊ, काखमा गळू व्हयनं का रे?"

"गळू नही, आई. बॉडी शे. जिममा जास मी."

"तठे काय करतस?"

"वजन उचलतस. पैसे भरना पडतस."

भिकुबाईने मिरचीचा हात कपाळाला लावला. "पैसा दीसन वझं उचलतस? आमना आठे वझं उचलाना पैसा भेटस, भाऊ!"

नाना खाटेवरून बघत होते. शर्टात न मावणारे दंड बघून त्यांनाही बरं वाटलं असावं. एवढंच विचारलं, "बैठका किती?"

"नाना, तिथं बैठका नाही मारत. प्रत्येक गोष्टीचं मशीन आहे."

"पायांचंही?"

"आहे ना. पण त्याच्यावर रतिलाल सर टॉवेल वाळत घालतात."

नानांनी माझ्याकडे बोट केलं. "अखाजीला सहा महिने राहिले. हा घे."

चुडामण हसला. मला एका हाताने उचललं, आरशापुढे धरावं तसं धरलं, दंड फुगवून पाहिला आणि परत दाराला टेकवून ठेवलं. "नाना, हे जुनं झालं. आता जमाना शास्त्राचा आहे."

शास्त्र काय होतं ते पुढे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून आताच सांगतो. रतिलालचं 'अजिंक्य जिम' टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. भिंतीवर तेल लावलेल्या परदेशी पुरुषांची चित्रं. त्यांनाही पाय होते, पण तिथे उंच पंखा उभा असल्यामुळे ते कोणाला दिसत नसत. आणि समोर एक लांबलचक आरसा. बंद पडलेल्या कटिंगच्या दुकानातून स्वस्तात उचललेला. तो दुकानात होता तसाच इथे लावला, खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड दिसावं अशा बेताने. उभ्या माणसाला त्यात डोक्यापासून कमरेपर्यंतच दिसतं. झालं! पोरं आरशात जेवढं दिसतं तेवढंच कमावत. कमरेखाली देवाने काही दिलंय याचा विसर पडला होता सगळ्या जिमला.

अखाजी आली. नाना मला काठीसारखा टेकत पारापर्यंत गेले आणि माझ्यावर हात ठेवून बसले. बारा गाड्या लागल्या. चुडामण पुढे आला, अंगाला तेल, छाती अशी की बायकांनी पदर सावरले. धोतर वर खोचलं, आणि गावाने पहिल्यांदा त्याच्या पोटऱ्या पाहिल्या. तुराट्या! नुसत्या तुराट्या!

"वरे बैल, खाले बगळा!" गाडीतून एक बाई ओरडली. सगळी गाडी हसली.

पहिला हिसका. दोर ताणला, चुडामणच्या मानेच्या शिरा फुगल्या, टाचा सरकल्या. गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या हिसक्याला तो हातांनी दोर ओढायला लागला. बारागाड्या हातांनी! तिसऱ्याला तोंडावर पडला.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "पाय जळगावलेच ठेवी उना का रे, भाऊ?"

मग रुपचंद उठला. आमच्या शेजारच्या गल्लीतला, पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहणारा. त्याने तोंडातला विडा थुंकला, दोर कमरेला बांधला आणि दुसऱ्या हिसक्यात गाड्या काढल्या. पोटासकट.

संध्याकाळी चार माणसं येऊन खुंटीवरची रिकामी जागा बघून गेली. सांत्वनाला आलो म्हणाले. नाना त्या दिवशी भिंतीकडे पाठ करून जेवले.

सकाळी चुडामण निघाला तेव्हा बनियनवर शर्ट होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. नानांनी मला त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"रोज शंभर. कोणी बघत नसताना."

"आणि बघत असले तर?"

"तर शंभर धरायच्या नाहीत."

एस.टी.त कंडक्टरने माझं तिकीट मागितलं. "हे काय आहे?" "मुद्गल." "माणूस धरू का सामान?" चुडामण म्हणाला, "म्हातारा धरा, आमचा आहे." मला पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

जळगावात त्याची दहा बाय दहाची खोली. आरसा नाही, गाणी नाहीत. दाराबाहेर नळाजवळ चार हात अंगण. पहाटे पाणी यायच्या आधी तो मला खांद्यावर घेई. पहिल्या दिवशी अकरा बैठका झाल्या आणि बाराव्याला बसला तो उठेना. घरमालकीण नळावर आली, बघून म्हणाली, "संडास त्या बाजूला आहे." महिनाभर तो कारखान्याचा जिना धरून धरून उतरला. रतिलालच्या जिमकडे फिरकला नाही. मी त्याला सोडलं नाही आणि त्याने मला. दंड थोडे उतरले. पोटऱ्यांना गाठ आली. श्रावणात शंभर झाल्या. त्या दिवशी त्याने कोणालाच सांगितलं नाही, तेव्हा मी समजलो की हा आता नानांचा मुलगा झाला.

खरी अडचण दोराची होती. दोर रुपचंदच्या घरी. हरलेल्या घराला पुन्हा पहिला हिसका हवा असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्याने स्वतः जाऊन दोर मागायचा, ही रीत. ज्याने एकोणीस वर्षं कोणाकडे काही मागितलं नाही, तो माणूस गुडघा ओढत दुसऱ्याच्या ओट्याशी गेला. हे चुडामणने नंतर खोलीत बसून मित्राला सांगितलं, म्हणून मला कळलं.

रुपचंद ओट्यावरून म्हणाला, "या वरीसले पाय आणेल शेतस ना, नाना?"

नाना म्हणाले, "आणेल शेतस."

बस. पाय आणलेत, एवढंच. पण ते ऐकल्यावर चुडामणने त्या दिवशी दोनशे मारल्या.

दुसरी अखाजी. चुडामण मला घेऊन गावी आला. पुन्हा पार, पुन्हा नानांचा हात माझ्यावर. तेल नाही, बनियन नाही. पहिला हिसका, दोर कडकडला, गाड्या नाहीत. गर्दी हसायला तोंड उघडणार, तोच दुसरा. टाचा मातीत रुतल्या, मांड्या थरथरल्या, आणि पुढच्या गाडीचं चाक करकरलं. मग गाव ओरडलं, मागून रेटा आला, आणि बारा गाड्या धुरळ्यातून निघाल्या. नानांचा हात माझ्यावर इतका घट्ट आवळला की झिपरूच्या रंध्यानंतर एवढं मला कोणी दाबलं नव्हतं. तोंडाने मात्र, "पहिल्यात निघायला हव्या होत्या," म्हणाले.

दोर खुंटीवर आला. इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं.

पण पेपरात फोटो आला. रतिलालने तो कापला, चौकटीत बसवला आणि आरशाच्या वर टांगला. खाली मोठ्या अक्षरांत : 'आमच्या जिमचा विद्यार्थी.' ज्या जिमने त्याचे पाय खाल्ले, त्या जिमचा! आम्ही जळगावला परतलो, तेव्हा रतिलाल पेढे घेऊन खोलीवर आला.

"चुडामणभाऊ, तुम्ही आता उचलायचं नाही. शिकवायचं. शिट्टी देतो, टी-शर्ट देतो. आणि हा मुद्गल आपल्या जिममध्ये पाहिजे. इतिहास आहे तो!"

मी मनात म्हटलं, हाकल याला. चुडामणने दुसरा पेढा घेतला.

तर असा मी इथे आलो. चंदेरी झालो. पोरं येतात, फोटोला हात जोडतात, मग आरशापुढे उभी राहून दंडाशी बोलतात. चुडामण शिट्टी वाजवतो आणि आकडे मोजतो. 'आठ, नऊ, दहा, शाबास!' दुसऱ्यांचे आकडे. स्वतः त्याने दिवाळीपासून एक बैठक मारलेली नाही.

परवा नाना आले होते, गुडघा दाखवायला दवाखान्यात. तिथून जिना चढून वर आले. माझ्यापुढे उभे राहून पाटीवरची अक्षरं एकेक करून लावली. वाचता आली तेव्हा पुढे केलेला हात मागे घेतला. चुडामण धावत आला, खुर्ची पुसली.

"रोज किती?" नानांनी विचारलं.

"नाना, मी आता कोच आहे. मी मोजतो."

"असं."

चहा येईपर्यंत नाना थांबले नाहीत. दारात वळून म्हणाले, "दोर खुंटीवरून उतरवून ठेवतो. रुपचंदला न्यायला सोपं पडेल."

चुडामण हसला. त्याला ती गंमत वाटली. मी नानांना तीस वर्षं ओळखतो. ते गंमत करत नाहीत.

आता शेवटचं सांगतो. मला आरशाच्या खालच्या अंगाला ठोकलंय. वर फोटोंनी जागा अडवली, म्हणून. त्यामुळे या जिममध्ये कोणाला दिसत नाही ते मला दिसतं. सगळ्यांचे पाय. दिवसभर पायच. चुडामण, तुझेही. मागच्या अखाजीला ज्या पोटऱ्यांवर माती चिकटली होती, त्या पुन्हा तुराट्या व्हायला लागल्यात. आरसा तुला हे सांगणार नाही. तो कमरेपर्यंतच बोलतो.

अखाजीला बावीस दिवस आहेत. स्क्रू दोनच आहेत. पेचकस रतिलालच्या गल्ल्यात, डाव्या हाताला आहे.