बेळ्ळियप्पाचे दोन बार

बेळ्ळियप्पाची दुनळी बंदूक वर्षभर आमच्या केंद्राच्या कपाटात कुलपात होती. ती परत द्यायची की नाही, यावरून माझं आणि अय्यण्णाचं चांगलंच वाजलं.

केंद्र म्हणजे फार काही नाही. विराजपेटेच्या बाजारामागं तीन खोल्या, एक जीप आणि आम्ही दोघं. जखमी होऊन घरी आलेले जवान, मागे राहिलेली बायकामुलं, त्यांची पेन्शन, कृत्रिम हातपाय, पोरांच्या शाळा, सगळं आम्हीच बघतो. अय्यण्णा निवृत्त हवालदार. त्याचा एक पाय गुडघ्याखाली खोटा, तरी जीप तोच चालवतो आणि मी शेजारी जीव मुठीत धरून बसते. माझा नवराही फौजेत होता, तो परत आला नाही. तेव्हा केंद्रातल्या जुन्या बाईंनी मला घरातून ओढून इथं टेबलाशी बसवलं. तेव्हापासून मी इतरांना ओढत असते.

आमची पद्धत साधी आहे. दर गुरुवारी एखाद्या घरी जायचं, जेवायचं आणि घरातला तो माणूस ओट्यावर येऊन बसेपर्यंत उठायचं नाही. भलेभले कंटाळून येऊन बसतात. बेळ्ळियप्पा मात्र बधेना. सीमेवर सुरुंग फुटला, उजवा हात कोपराखाली गेला, आणि घरी आल्यापासून हा आतल्या खोलीत जो शिरला तो शिरलाच. गावातला पहिला नेमबाज होता तो. कैलपोळ्दच्या सणाला शस्त्रांची पूजा झाली की उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधतात आणि गावातले पुरुष तो फोडायला रांगेत उभे राहतात. हा असला की बाकीचे नुसते हजेरी लावायला येत. आता कुणी भेटायला आलं तर हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आम्ही दिलेला कृत्रिम हात खुंटीला टांगलेला असायचा, छत्रीच्या शेजारी.

पहिल्याच महिन्यात त्याची बायको चोंदम्मा ती बंदूक जुन्या साडीत गुंडाळून केंद्रात घेऊन आली होती. "अक्का, ठेव तुझ्याकडे. घरी पुसायला कुणाला वेळ नाही," एवढंच म्हणाली. आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, घरोघरी बंदूक असते, आणि ती पुसायला कुणाला वेळ नाही असं घर मी अजून पाहिलेलं नाही. मी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आणि या ऑगस्टात त्याचा स्वतःचा फोन आला. "तंगम्मक्का, सण आलाय. पूजेला बंदूक पाहिजे."

"सणाला बाहेर येशील?"

"आधी बंदूक आण."

अय्यण्णा ऐकूनच भडकला. "अजिबात द्यायची नाही. एकटा पडलेला माणूस आहे तो."

"वर्षभरात त्यानं काही मागितलंय का? पाणीसुद्धा चोंदम्मानं पुढं केलं तर पितो. पहिल्यांदा तोंड उघडलंय."

"मागितलं म्हणून द्यायचं? माझा नातू जीपची किल्ली मागतो."

"देऊन बघ. तुझ्यापेक्षा बरी चालवेल."

बोलण्यात तो मला हरतो. सोमवारी मी बंदूक नेऊन दिली. चोंदम्मानं ती हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. त्या बघण्यानं माझी झोप उडाली. बोलून बसले होते, आता माघार कुठली घेणार.

गुरुवारी आम्ही त्याच्याकडेच निघालो. पाऊस बारीक होता. कॉफीच्या मळ्यातल्या शेवटच्या वळणावर जीप चिखलात रुतली, अय्यण्णा जीपच्या सात पिढ्या काढत होता, आणि वरून बार ऐकू आला. त्याला लागूनच दुसरा.

आमच्याकडे मुलगा झाला की घरातून एक बार काढतात. माणूस गेलं की लागोपाठ दोन. दोन ऐकले की गावानं हातातलं काम टाकायचं आणि त्या घरी जायचं. वर घर एकच होतं.

अय्यण्णानं शिव्या थांबवल्या, काठी घेतली आणि चढ चढायला लागला. "मी सांगितलं होतं" असं तो म्हणाला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. बेळ्ळियप्पानं जिवाचं काही बरंवाईट केलं असेल तर दुसरा बार कुणी काढला, एवढा साधा विचारही मला सुचला नाही. मी फक्त धावत होते आणि मनात म्हणत होते, मी दिली, माझ्या हातानं दिली.

अंगणात बेळ्ळियप्पा उभा होता. चिंब भिजलेला, धडधाकट. बंदुकीचा दस्ता डाव्या खांद्याला, आणि उरलेल्या उजव्या हाताला चामड्याचा एक पट्टा बांधून त्यात नळ्या टेकवलेल्या. समोरच्या उंच झाडावर एक नारळ आरामात झुलत होता. त्याला ओरखडाही नव्हता.

"अक्का," तो ओशाळून म्हणाला, "डाव्या बोटाला सवय नाही. दोन्ही चाप एकदमच ओढले गेले."

मी आधी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली, मग त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली. मग तिथंच, ओल्या पायरीवर बसून मला रडू फुटलं. चोंदम्मा डाव घेऊन दारात उभी होती. तीही रडत होती, पण हसतही होती.

अय्यण्णा धापा टाकत पोचला. माझी नजर तोवर त्या पट्ट्यावर गेली होती. दुहेरी, आखूड टाका. असाच टाका आमच्या जीपच्या सीटवर आहे.

"हा पट्टा कुणी शिवला?" मी विचारलं.

अय्यण्णा वाकून पायावरची जळू बघायला लागला.

"तो पाय खोटा आहे, अय्यण्णा."

"तेच बघतोय. बिचारी उगाच चढतेय."

"माझ्याशी चार दिवस भांडलास ना रे?"

"भांडलो ते भांडलो. पण तू देणारच होतीस, मग निदान नीट धरता तरी यावी." तो अजून वाकलेलाच होता. "मंगळवारी आणून दिला. एकावेळी एकच काडतूस भर, असंही बजावलं होतं."

तेवढ्यात फाटकाशी छत्र्या दिसायला लागल्या. खालचं सगळं गाव येत होतं. बायका पांढऱ्या साड्यांत, कुणाच्या डोक्यावर भाताचं पातेलं, कुणाच्या हातात कडंबुट्टूची, वाफवलेल्या तांदळाच्या गोळ्यांची, टोपली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. सगळ्यात पुढं म्हातारे नंजप्पा. ते पाहून बेळ्ळियप्पाचा चेहरा उतरला. त्यानं उजवा हात पाठीमागं लपवला आणि घराकडे वळला.

चोंदम्मा दारातून हलली नाही. डुकराच्या रश्श्यानं माखलेला डाव आडवा धरला. "आत जागा नाही," ती म्हणाली.

"चोंदू, बाजूला हो."

"पंदी शिजतेय. तिखट डोळ्यात जाईल. बाहेर बस."

नंजप्पा अंगणात पोचले. "कोण गेलं?"

बेळ्ळियप्पा म्हणाला, "कुणी नाही, अज्जा. नारळावर नेम धरत होतो. चुकून दोन्ही बार गेले."

"कुणी नाही?" म्हाताऱ्याला मनापासून राग आला. "मग या गुडघ्यांनिशी मला इथवर कशाला चढवलंस?" मग त्यांनी वर नारळाकडे बघितलं, खाली पट्ट्याकडे बघितलं. सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं, आणि बेळ्ळियप्पाला आता तो लपवायला जागा नव्हती. नंजप्पा जवळ गेले, तो अर्धा हात धरून थोडा वर उचलला. "एवढा खाली टेकवलास तर लागेल कसा? आणि वारा कुठून होता?"

"डावीकडून."

"बघा. डावीकडून म्हणे."

झालं. प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं. एक म्हणे दस्ता आखूड कर, दुसरा म्हणे डावा डोळा उघडा ठेव. बायकांनी पातेली ओट्यावर मांडली. वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस आता गर्दीच्या मधोमध उभा राहून वाऱ्यावरून हुज्जत घालत होता. मला माझाच हेवा वाटला.

"पण पलीकडच्या डोंगरावरचे लोकही निघाले असतील," अय्यण्णा म्हणाला. "त्यांना कोण सांगणार?"

नंजप्पांनी क्षणभर विचार केला. माझ्या मांडीवरची बंदूक उचलून त्यांनी बेळ्ळियप्पाला दिली. "दोन वाजले ते वाजले, ते काही परत घेता येत नाहीत. आता एक वाजव. आभाळात. आणि काडतूस एकच भर, गाढवा."

बेळ्ळियप्पानं पट्ट्यात नळ्या टेकवल्या, बोट सावकाश चापावर नेलं. एकच बार गेला, आणि डोंगरांमधून बराच वेळ घुमत राहिला.

थोड्या वेळानं पलीकडच्या वाडीतली एक बाई धापा टाकत फाटकातून आली. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. "आधी दोन ऐकले, मग एक. काय चाललंय काय तुमचं? कुणाला मुलगा झाला?"

चोंदम्मानं पदरानं डोळे पुसले.

"मला," ती म्हणाली. "चौतीस वर्षांचा आहे. डावखुरा."