पाहणी होऊ दे, मग

मी कपाट बोलतोय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. आजवर माझ्या तोंडाला कुलूप होतं. आता बोलायला मिळालंय, तर गोडगोड कशाला बोलू?

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. हा सुतार तोंडाचा फटकळ, पण हाताला माया. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी कपाट हवंय असं कळल्यावर त्यानं माझे कोपरे घासून घासून गोल केले, कुणी पोर धडकलं तर लागू नये म्हणून. खालचा कप्पा इतका खाली ठेवला की नीट चालायला लागलेल्या पोरालाही हात घालता यावा. दारांना जाड काच लावली, आतलं सगळं दिसावं म्हणून. त्याच्या भावानं विचारलं, "कुलूप कुठलं बसवू?" तसा तो खेकसला, "पोरांचं कपाट आहे रे! बँकेची तिजोरी आहे का?"

त्या एका वाक्यावर मी हुरळून गेलो. मला वाटलं, आपला जन्म सत्कारणी लागला.

मला एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आणलं. पूर्वी तिथे मळक्या चादरींची गाठोडी पडलेली असायची. आता गल्लीतल्या आयांनी आणि आजी-आजोबांनी मिळून एक मंडळ काढलं होतं आणि त्या खोलीत शाळेच्या वयाआधीची मुलं दिवसभर एकत्र खेळायची, शिकायची. भिंतीपलीकडे इस्त्रीची वाफ फुसफुसत असे आणि खोलीला कायम गरम कापडाचा वास. मुलांना सांभाळायला एक ताई होती. तिचे सासरे बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी एका मोडक्या स्टुलावर जुनं स्टिअरिंग ठोकून मुलांना बस करून दिली होती. कुणाचं ना कुणाचं पोर सारखं त्या बसमधून जगप्रवासाला निघालेलं असे.

तेव्हाची सगळी खेळणी अशीच. पुठ्ठ्याची खोकी, दोऱ्याची रिकामी रिळं, बाटल्यांची झाकणं आणि लॉन्ड्रीत निखळलेली बटणं. या बटणांचा एक मोठा डबा होता आणि त्या डब्यावर राज्य होतं मुंगीचं.

मुंगी म्हणजे लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची मुलगी. तान्हेपणी तिला मोठा आजार झाला आणि तिच्या बोटांतला जोर गेला. हाती धरलेली वस्तू सुटून पडायची. मग एकेक बटण चिमटीत धरून, मुंगीनं साखरेचा दाणा न्यावा तसं ती डब्यातून दोऱ्यापर्यंत न्यायची. दहादा पडलं तर अकराव्यांदा उचलायची. दोऱ्यात गेलं की मान वर करून सगळ्यांकडे बघायची. डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं होतं, "औषध नाही यावर. खेळू दे, ओवू दे, हेच तिचं औषध." आणि मोठ्या शाळेनं सांगितलं होतं, मुलीला स्वतःची बटणं स्वतः लावता आली तर याच वर्षी घेऊ, नाहीतर पुढच्या वर्षी या.

मी आलो त्या दिवशी मुंगीला एक बटण लावता यायला लागलं होतं. फ्रॉकचं सगळ्यात वरचं. हे नीट लक्षात ठेवा.

मी आलो तो अनुदानातून. बालशिक्षणासाठी झटणाऱ्या मंडळांना एक मोठी संस्था अनुदान देते, ते या मंडळाला मिळालं. माझ्याबरोबर लाकडी ठोकळे आले, रंगीत मणी आणि ओवायच्या दोऱ्या आल्या, चित्रांची पुस्तकं आली, बोटात घालायच्या बाहुल्या आल्या. मुलांचे डोळे बशीएवढे झाले. ताईला रडू आलं. मुंगीच्या आईनं मण्यांची बरणी उचलून बघितली आणि म्हणाली, "बटणांपेक्षा मोठे आहेत गं. तिच्या हाताला बरे पडतील."

उद्घाटनाला पाहुणे आले. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक खेळणं दिलं, फोटो काढले आणि फोटो होताच एकेकाच्या हातातून ते काढून घेतलं! मुलं भोकाड पसरून रडायला लागली, तेव्हा पाहुणे हसून म्हणाले, "किती आवडलंय बघा मुलांना." मला वाटलं, काच फोडून बाहेर यावं आणि यांच्या पायावर पडावं. नमस्काराला नव्हे, चांगलं अंगठ्यावर.

फोटोत कचरा दिसायला नको म्हणून आदल्या दिवशीच खोकी, रिळं, झाकणं भंगारात गेली होती. बटणांचा डबाही. आजोबांची बसही. आजोबा दारात उभे राहून म्हणाले, "अहो, निदान स्टिअरिंग तरी ठेवायचं." कुणी ऐकलं नाही.

मग माझी पाळी. मंडळाच्या अध्यक्षबाई एका माणसाला घेऊन आल्या. त्यानं माझ्या दाराला भोक पाडलं आणि कुलूप ठोकलं. किल्ली अध्यक्षबाईंच्या कमरेला गेली. मुलं त्यांना किल्लीआजी म्हणायला लागली, आणि बाईंना ते नाव कौतुकाचं वाटलं.

मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट असत्या तर रागावणं सोपं होतं. पूर्वी एकदा याच संस्थेनं तीनचाकी सायकली दिल्या होत्या. मुलांनी त्या दामटल्या, एकीचं चाक निखळलं. संस्थेकडून पाहणीला आलेल्या साहेबांनी अध्यक्षबाईंना चारचौघांत सुनावलं, "फुकट मिळालं की किंमत नसते तुम्हा लोकांना." ते बोलणं बाईंच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. त्या साहेबांना हे आठवतही नसेल. बोलून गेले, गाडीत बसले, निघून गेले. आणि त्या एका वाक्याची शिक्षा इथे बोटभर पोरं भोगत होती.

ताई रोज अध्यक्षबाईंना विचारायची. "मावशी, निदान मण्यांची बरणी तरी द्या. मुंगीसाठी."

"पाहणी होऊ दे, मग."

"मग ठोकळे? ठोकळ्यांना काय होतंय?"

"टवका उडाला तर? पाहणी होऊ दे गं, मग सगळं तुमचंच आहे."

आणि पाहणी काही होईना. आज येतो म्हणायचे, मग पुढच्या महिन्यात, मग कुणी तरी रजेवर. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी पोरांची गत झाली. जुनं होतं ते टाकलं, नवं आलं ते कुलपात. मुलं सतरंजीवर बसून ताईच्या तोंडाकडे बघत राहायची. ताई गाणी म्हणायची, गोष्टी सांगायची, पण गोष्टीतला हत्ती बोटावर चढवावा म्हटलं तर तो माझ्या पोटात, पिशवीत घट्ट बांधलेला.

मुंगी माझ्यासमोर येऊन बसायची. मण्यांची बरणी खालच्याच कप्प्यात होती, सुतारानं मुद्दाम खाली ठेवलेल्या. ती काचेवर पंजा टेकायची आणि बोट हळूहळू बरणीच्या दिशेनं सरकवायची, जणू काच मधे नाहीच. अहो, मी लाकडाचा आहे, मलाही काही तरी होत होतं. मग तिच्यामागे बाकीचे यायचे, नाकं चेपून बघायचे. संध्याकाळपर्यंत माझ्या काचेवर पंजेच पंजे. आणि रोज संध्याकाळी अध्यक्षबाईंच्या सांगण्यावरून ताई ओल्या फडक्यानं ते पुसायची.

मुंगीचं वरचं बटण काही दिवस लागत होतं. मग कधी लागायचं, कधी नाही. मग तिनं प्रयत्न करणंच सोडलं. आई कामावर जाता जाता घाईनं लावून द्यायची. हे त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. किल्ली मात्र कमरेलाच होती.

शेवटी एकदाची पाहणी ठरली. खोली धुतली, सतरंजी झटकली. माझी काच कागदानं घासून अशी लख्ख केली की काच आहे की नाही कळू नये. मुलांना हाताची घडी घालून बसवलं. मुंगीला घडी जमेना, म्हणून तिला मागे बसवलं.

पाहणीच्या मॅडम आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. अध्यक्षबाईंनी थाटात कुलूप उघडलं.

"बघा मॅडम, एक ओरखडा नाही. वेष्टनसुद्धा जसंच्या तसं."

मॅडमनी मण्यांची बरणी उचलली, बुडाची चिकटपट्टी पाहिली. "हे उघडलेलंच नाही."

"नाहीच! आम्ही फुकट घालवणारी माणसं नाही."

"मुलं वापरत नाहीत?"

बाई गडबडल्या. "वापरतील ना. तुमची पाहणी झाली की..."

मॅडमनी खाली वाकून काच पाहिली. "एका मुलाचा हात लागल्याची खूण नाही कुठे," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

अगं बाई, काल संध्याकाळी आली असतीस! खुणांनी माझं अंग भरलं होतं. तुझ्यासाठी, खास तुझ्यासाठी त्या पुसल्या!

तेवढ्यात मुंगी उठून पुढे आली. कुलूप लागल्यापासून कपाट पहिल्यांदा उघडं दिसत होतं. तिनं मॅडमच्या हातातल्या बरणीला हात लावला. अध्यक्षबाईंनी तिचा हात ओढला, "मॅडमना काम करू दे हं." मॅडमनी तिच्या गालाला हात लावला, "गोड आहे," म्हणाल्या आणि बरणी होती तिथे ठेवून दिली. समोर हात पसरून उभी असलेली पोर सोडून ही बाई खूण कुठे शोधत होती, देव जाणे. दोघी शहाण्या आणि दोघींच्या मधे ती.

पुढे संस्थेचा निरोप आला. वापर नाही, म्हणजे गरज नाही. पुढचं अनुदान बंद, दिलेलं सामान परत. ताईचा पगार त्याच अनुदानातून होता. खोलीत पुन्हा चादरींची गाठोडी येणार हे ठरलं.

टेम्पो आला त्या दिवशी मुंगी दारात उभी होती. फ्रॉकची बटणं खाली-वर लागलेली, इस्त्री सोडून धावत आलेल्या आईनं घाईत लावलेली. आई ताईला म्हणाली, "शाळेनं पुढच्या वर्षी या म्हटलंय. तोवर इस्त्रीच्या टेबलाखाली बसवते." रडली नाही. नुसतं सांगितलं.

अध्यक्षबाईंनी ते ऐकलं. त्यांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. मी म्हटलं, आता तरी! शेवटची पाच मिनिटं तरी! पण टेम्पोवाला ओरडला, "मावशी, सामान मोजून घ्यायचंय. काही कमी भरलं तर मला बोलणी बसतात." आणि त्यांचा हात तिथेच थांबला. बोलणी! पुन्हा तोच धाक. त्यांनी किल्ली सोडवून त्याच्या हातात दिली आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिल्या.

मला उचलायच्या आधी मुंगी आली आणि खालच्या काचेवर तिनं पंजा टेकला. बरणीच्या बरोबर समोर. बराच वेळ टेकून ठेवला. ती बाजूला झाल्यावर ताईच्या हातातलं फडकं सवयीनं पुढे आलं. मग ताईनंच ते फडकं लांब भिरकावून दिलं.

आता मी संस्थेच्या गोदामात आहे. ठोकळ्यांना टवका नाही, बाहुल्यांना डाग नाही, मण्यांची चिकटपट्टी शाबूत आहे. अजून सगळं नवं कोरं, आणि याची मला लाज वाटते. काचेवर धूळ बसलीय. त्या धुळीत मुंगीचा पंजा आता अधिकच स्पष्ट दिसतो, पाचही बोटं.

कानावर आलंय की मला दुसऱ्या कुठल्या मंडळाला देणार आहेत. म्हणजे पुन्हा पाहुणे आणि पुन्हा फोटो. आज सकाळी एक माणूस बादली आणि ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिलाय. खालच्या काचेपासूनच सुरुवात करणार असं दिसतंय.

बाबा रे, कुणीही असशील, माझं ऐक. तो पंजा पुसू नकोस. मी फुकट गेलो नाही असं म्हणायला माझ्याकडे तेवढंच आहे. आणि मला नेणाऱ्यांनो, मला चकचकीत करू नका. माझी दारं खिळखिळी होऊ द्या, मणी हरवू द्या, ठोकळे फुटू द्या. पाहणीला येणाऱ्यांनो, तुम्हीही एवढं करा. काच बघू नका, मुलांची बोटं बघा.

ते फडकं खाली ठेव. आधी किल्ली आण.