माझ्या जडपणावरून झालेलं भांडण

मी एका जुन्या जीपचं स्टेअरिंग आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. आत्मवृत्त सांगताना जुन्या वस्तू बहुधा उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. दोन शहाणी माणसं महिनाभर माझ्यावरून भांडली आणि भोगावं लागलं तिसऱ्याच एका मुलीला. हे बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

लोखंडी सळईचं गोल कडं, त्यावर काळं कडक रबर आणि मध्ये तीन दांड्या, असा माझा जन्म झाला. आजकालच्या गाड्यांत स्टेअरिंग फिरवायला यंत्र मदत करतं. माझ्या वाट्याला असलं काही आलं नाही. चालकाच्या दंडात ताकद असेल तेवढाच मी वळायचो. सुरुवातीला एका सरकारी कचेरीच्या जीपमध्ये होतो. साहेब लोकांना रानोमाळ हिंडवलं, मग जीप लिलावात निघाली आणि पालमच्या आश्रुबांनी ती घरी आणली.

आश्रुबांनी मला बावीस वर्षं चालवलं. पालम ते परभणी सवाऱ्या, सोनपेठचा बाजार, लग्नाची वऱ्हाडं, सगळं झालं. सकाळी समोरच्या काचेवरचं निळं अशोकचक्र पुसायचं आणि त्याच फडक्यानं मला पुसायचं, हा त्यांचा नेम होता. माझं कौतुकही फार. नव्या गाड्यांना ते नाकं मुरडायचे. "ते काय स्टेरिंग हाय? एका बोटानं फिरतंय. खाली खड्डा हाय का दगड, हाताला कळतच न्हाई. जड स्टेरिंग म्हंजी मर्दाचं काम!" स्टँडवरची माणसं माना डोलवायची आणि मी आपला फुगून बसायचो. त्या फुगण्याची आज मला लाज वाटते.

मग धम्मशीला आली. आश्रुबांची धाकटी लेक. परभणीला राहून गाडी शिकली, रीतसर परवाना काढला. शिकली ती नव्या मोटारीवर, एका बोटानं फिरणाऱ्या. त्याच वर्षी टेकडीकडच्या वस्त्यांवर जाणारी एसटी बंद झाली आणि नऊ मुलींची शाळा सुटायची वेळ आली. त्यात रायभानची दीपिका होती. मेंढरांमागं हिंडणाऱ्या त्या घरातली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. धम्मशीला बापाला म्हणाली, "आबा, सकाळ-संध्याकाळ गाडी मला द्या. पोरींना मी नेते-आणते."

आश्रुबांनी किल्ली दिली. देताना म्हणाले, "घे. पण झेपन का तुला?"

त्या एका शब्दानं सगळा घात केला. तिनं किल्ली घेतली आणि तो शब्दही उराशी धरला.

खरं सांगतो, मी तिला जड जात होतो. वस्तीवर गाडी मागं-पुढं करून वळवायची तर तिला अंगाचा पूर्ण भार टाकावा लागायचा. संध्याकाळी तिची आई सरजाबाई तिचे खांदे शेकून द्यायची. यात तिचं काय चुकलं? समोर अचानक कोकरू आडवं आलं तर स्टेअरिंग चटकन वळायला नको? आणि भरधाव रस्त्यावर मी हातात घट्ट असावा, भलतीकडं भटकू नये, हे आश्रुबांचं म्हणणं तरी कुठं खोटं होतं? दोघांचंही बरोबर होतं. पण दोघांनी एकदा समोरासमोर बसून हे बोलायला काय धाड भरली होती?

बोलले नाहीत. त्यांनी भांडण चाकांतून केलं. पुढच्या चाकांत हवा जास्त असली की मी हलका फिरतो, कमी असली की जड. हे धम्मशीलाला पंक्चरवाल्यानं सांगितलं. ती रोज सकाळी पुढच्या दोन्ही चाकांत हवा ठासून भरायची. मुलींना शाळेत सोडून तिनं गाडी दिली की आश्रुबा रस्त्याच्या कडेला थांबायचे, काडी घेऊन उकिडवे बसायचे आणि सुं सुं करत हवा सोडून द्यायचे. संध्याकाळी ती पुन्हा भरायची. सकाळी हलका, दुपारी जड, संध्याकाळी परत हलका! मला काय खेळणं समजलात? घरी दोघं एका ताटलीतल्या भाकरी खायचे, पण या हवेबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

आणि इथंच माझा खरा संताप आहे. कारण त्याच महिन्यात मी आजारी पडलो होतो. पुढच्या दोन चाकांना एकत्र वळवणारा एक आडवा दांडा असतो. त्याच्या टोकाशी वाटीत एक लोखंडी गोळा बसवलेला असतो. तो झिजला होता. मला चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नव्हतं. खड्ड्यात मी थडथडायचो, सपाट रस्त्यावर डावीकडं ओढायचो. याहून मोठ्यानं मी कसं बोलायचं? मला तोंड नाही, थरथरणं हीच माझी भाषा. बावीस वर्षं जमीन हाताला कळते म्हणून मिरवणाऱ्या आश्रुबांना ती कळली नाही.

ते म्हणायचे, "पोरीनं हवा ठासली, म्हून स्टेरिंग उडायलंय."

ती म्हणायची, "आबा हवा सोडायलेत, म्हून गाडी एका अंगाला वडायलीय."

खाली वाकून बघायला दोघांची कंबर मोडत होती का? नव्हती. पण खाली बघितलं असतं तर एकमेकांचा दोष हातातून गेला असता ना!

फेब्रुवारीतली सकाळ. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. आश्रुबा कामानं वस्तीवर आले होते, पालमला परतायचं म्हणून ते लेकीच्या शेजारी बसले. मागं नऊ मुली. कालव्याच्या पुलाआधी वळण आहे. मी तिच्या हाताला उशिरा दाद दिली आणि गाडी वळणावर जरा बाहेर गेली.

"बगितलं? म्हून सांगतो, न्हाई झेपत तुला!" आश्रुबा ओरडले.

"झेपतंय मला. तुमीच हवा सोडून..."

"सोड, सोड इकडं!" असं म्हणत त्यांनी शेजारून हात घालून मला धरलं. तिनंही सोडलं नाही. बाप एका बाजूला ओढतोय, लेक दुसऱ्या बाजूला. झिजलेला गोळा एवढ्या हिसक्यानं वाटीतून निसटला. एक चाक उजवीकडं, एक डावीकडं. मी गरागरा मोकळाच फिरलो आणि जीप भरावावरून खाली, कापसाच्या पऱ्हाटीच्या रानात उतरून एका अंगावर कलंडली.

आठ मुली खरचटण्यावर वाचल्या. दीपिकाचा उजवा हात मोडला.

सूर्यभान मिस्त्री आला. त्यानं गाडीखाली सरकून तो गोळा काढला आणि आश्रुबांच्या हातावर ठेवला. "हे बगा. कवाचा झिजलाय. हलक्या-जडाचं काय घिऊन बसलात? हवेनं काय हुणार हुतं?" आश्रुबांनी तो लोखंडाचा तुकडा खिशात टाकला. धम्मशीलानं तोंड फिरवलं.

आठवड्यानं मी दुरुस्त होऊन रस्त्यावर आलो, धम्मशीलाच्याच हातात, आणि शेजारी आश्रुबा. पुढच्या चाकांत हवा किती हवी, ते त्या दिवसापासून सूर्यभान ठरवतो. आठ मुली बसल्या. वस्तीवर दीपिका दारात उभी होती, हात गळ्यात बांधलेला. मुख्याध्यापकांनी तिला परीक्षेला लेखनिक द्यायचं कबूल केलं होतं. पण रायभान वाटेत आडवा उभा राहिला.

"या गाडीत माझी पोर बसणार न्हाई. पेपर गेला तरी चालन."

दीपिका रडली नाही. नुसती बापाकडं बघत राहिली. तिच्या दहा वर्षांच्या शाळेचा निकाल त्या क्षणी तिथंच लागणार होता, एका चिडलेल्या बापाच्या तोंडून. आणि मला त्या बापाचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

आश्रुबा खाली उतरले. मला वाटलं, आता हे पुन्हा हवेचं काहीतरी सांगणार.

"रायभान, पोरीचा काय गुन्हा न्हाई," ते म्हणाले. "गाडी महिनाभर सांगायली हुती. मला कळायला पायजे हुतं. मी लेकीला कमी दाखवायच्या नादात गाडीखाली बगितलंच न्हाई."

"मी बी न्हाई बगितलं, काका," धम्मशीला म्हणाली. "आबांवर खापर फोडायचं हुतं मला."

रायभान गाडीजवळ आला. खिडकीतून हात घालून त्यानं मला धरलं आणि गदागदा हलवलं. मी हललो तसं चाकही हललं. त्यानं खाली वाकून चाकाकडं बघितलं. मेंढरं राखणाऱ्या त्या माणसानं, ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, त्यानं बघितलं!

"दीपे, दप्तर घे," तो म्हणाला आणि स्वतःही मागं जाऊन बसला. तेव्हापासून रोज बसतो.

मित्रांनो, कुणाला मी जड आवडेन, कुणाला हलका. त्यावरून कुणाची ताकद मोजू नका आणि कुणाला कमी लेखू नका. आणि गाडी थरथरली तर शेजारच्या माणसाकडं बोट दाखवण्याआधी उतरा आणि खाली वाकून बघा. एवढंच माझं मागणं आहे. सगळे मला म्हणतात, झालं गेलं, आता राग सोड. कसा सोडू? डॉक्टरांनी हाताला दीड महिना सांगितलाय आणि परीक्षा दहा दिवसांवर आहे. वर्षभर पाठ केलेली उत्तरं दीपिका तोंडानं सांगणार आणि तिच्या डोळ्यांदेखत ती लिहिणार दुसरंच कुणीतरी.