मुदतीचं बाळ

"घरात कुणाचा स्वभाव रागीट आहे का?" संस्थेच्या बाईने विचारलं.

"माझा आहे. लिहून घे," मी म्हणाले आणि इस्त्री पत्र्यावर आपटली.

खण्ण झालं. आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं, सून हातातलं काम टाकून धावली. बाईने खरंच काहीतरी लिहिलं. ही बाई येऊन लिहायला लागली की माझं पित्त खवळायचं. दर खेपेला आमच्या खिडक्या बघायची, जणू मागच्या खेपेपासून आम्ही त्यातली एखादी विकून खाल्ली.

"आजी, इस्त्री जरा हळू ठेवता येईल का?"

"मी तीन पोरं याच लाँड्रीत, याच आवाजात वाढवली."

"ती दचकत नव्हती?"

"विचारायला फुरसत कुणाला होती?"

बाई हसली. मी नाही हसले.

मुलगा आणि सून कित्येक वर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवून थकले आणि शेवटी या दत्तक देणाऱ्या संस्थेत गेले. मी आडवी आले नाही. बाळ आलं तेव्हा त्याची नाळसुद्धा पडली नव्हती. पण त्याच्यासोबत एक अट आली. जन्म देणाऱ्या आईला विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत. तोवर बाळ आमच्याकडे, पण आमचं नाही. पोटच्यासारखं सांभाळा, आणि पोटचं समजू नका. असा शहाणपणा खुर्चीत बसणाऱ्यालाच सुचतो.

मी घरात बजावून ठेवलं होतं. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाने न नेलेला कपडा वर्षानुवर्षं फळीवर राहील, पण घरातल्या कुणाच्या अंगावर चढणार नाही. एका साहेबाचा कोट मी चार वर्षं सांभाळला. तो न्यायला आला तेव्हा कोट जसाच्या तसा होता, साहेबच त्यात मावेना. तेव्हा मुदत संपेपर्यंत बाळाचं नाव ठेवायचं नाही, खेळणी आणायची नाहीत, शेजारीपाजारी मिरवायचं नाही.

मी त्याला गाठोडं म्हणायचे. "गाठोडं भुकेलंय." "गाठोडं ओलं झालंय, बघा कुणीतरी." सुनेला ते आवडायचं नाही. ती दूध पाजताना त्याच्या कानाशी लागून काहीतरी हाक मारायची. मला ऐकू यायचं. मी कपडे मोजत राहायचे.

आणि इस्त्री हळू ठेवायला लागले. नाइलाज होता. एकदा ते रडायला लागलं की अख्खा दिवस नासायचा. आधी पुढचं टोक टेकवायचं, मग मागचं. मनगट भरून यायचं. या वयात माझ्या हाताला वळण लावणारं ते गाठोडं एकटंच.

मुदत संपायला आठवडा होता. मुलगा दारात पाळण्याला रंग देत होता. थांब म्हटलं होतं मी. ऐकेल तर तो माझा मुलगा कसला! तेवढ्यात संस्थेची बाई आली. हात रिकामे, लिहायची वही नाही. खिडकीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"तिने बाळ परत मागितलंय," ती म्हणाली.

मुलाच्या हातातल्या ब्रशमधून रंग फरशीवर टपकत राहिला. "मागितलंय म्हणजे काय? रुमाल आहे का तो? मी वकील लावीन."

"मुदतीच्या आत आहे. हक्क तिचा आहे."

"आणि आमचा?"

बाईने खाली पडलेला कागद टपकत्या रंगाखाली सरकवला.

सून माझ्याकडे वळली. "झालं तुमच्या मनासारखं?"

उत्तर जिभेवर होतं. माझ्या जिभेवर ते नेहमीच असतं. मी उठले, दोरीवरची झबली काढली आणि इस्त्रीला बसले. झबल्याची बाही इस्त्रीच्या टोकाएवढीसुद्धा नाही. वैताग नुसता. पण या दुकानातून काही चुरगळलेलं जात नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कचेरीत गेलो. मुलगा पायरीवरच थांबला. सुनेच्याने बाळ देववेना, म्हणून मी घेतलं. जन्म देणाऱ्या त्या पोरीला काय काय सुनवायचं ते मी रस्ताभर घोकत आले होते. बाळ म्हणजे चेष्टा वाटली का, इथपासून सुरुवात होती.

पोरगी उठून उभी राहिली. कुठल्याशा दुकानाचा गणवेश अंगात, कामावरून तशीच आलेली. कॉलरची एक बाजू आत दुमडलेली. तिने हात पुढे केले, मागे घेतले, गणवेशाला पुसले, परत पुढे केले.

"मावशी, मला नीट धरता येत नाही," ती म्हणाली.

माझं घोकलेलं सगळं तिथेच राहिलं.

"मानेखाली हात घे. असा. घाबरू नकोस, ते तुझ्याहून धीट आहे."

तिने घेतलं. ते तिच्या गणवेशाच्या बटणाकडे बघत बसलं.

"नाव काय ठेवलंत?"

सून खिडकीबाहेर बघत होती.

"नाही ठेवलं," मी म्हणाले. "ते तू ठेव. आणि ऐक, याला आपटाआपट सोसत नाही. भांडंकुंडं हळू ठेवत जा. तुझ्या घरी कुणाला आदळआपट करायची सवय असेल तर ती मोडायला लाव. मोडते."

मी झबल्यांची पिशवी तिच्या खांद्याला लावली. तिची दुमडलेली कॉलर सरळ केली. उगाच डोळ्यांना खुपत होती.

घरी आलो. अर्धा रंगवलेला पाळणा मुलाने भिंतीकडे तोंड करून ठेवला. कपड्यांचा ढीग कालचा तसाच पडला होता, आणि लोकांना त्यांचे शर्ट वेळेवर लागतात. मी इस्त्री तापवली. एक शर्ट केला. आधी पुढचं टोक टेकवलं, मग मागचं.

"आई," सून आतून म्हणाली, "आता आपटली तरी चालेल."

"कळतंय मला."

पुढचा शर्ट घेतला. कॉलर केली, बाह्या केल्या, पाठ केली. आणि इस्त्री हळूच ठेवली.